सल्ल्याचं उद्यापन

चातुर्मासात माणसानं काहीतरी सोडावं, हे वच्छलाबाईंना कोणी शिकवायची गरज नव्हती. सानगडीच्या त्यांच्या गल्लीत सोडण्याच्या बाबतीत त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. वांगं सोडून झालं होतं. कांदा-लसूण सोडून झाला होता. एका वर्षी खाट सोडून त्या भुईवर झोपल्या, आणि पाठ धरली तेव्हा पुण्य म्हणून तीही निमूट सोसली. चहा सोडला त्या वर्षी मात्र त्यांच्या यजमानांनी, म्हणजे केवळरामजींनी, रोज सकाळी देवाला हात जोडून हिचा चहा लवकर सुरू होऊ दे म्हणून विनवलं होतं.

यंदा आषाढी एकादशीला त्यांनी सल्ला सोडला.

ज्यांना वच्छलाबाई माहीत नाहीत त्यांना यात विशेष वाटणार नाही. पण सल्ला हा त्या बाईंचा श्वास होता. मागितलेला सल्ला त्या देतच. न मागितलेला अधिक मनापासून देत. धानाच्या रोवणीला निघालेल्या बायांना चिखलात पाय कसा टाकायचा ते त्या ओट्यावरून सांगत. सुई टोचायला आलेल्या नर्सबाईला दंड कुठे धरायचा ते सांगत. पोस्टमन सायकलवरून उतरताना कोणता पाय आधी खाली टेकतो, याकडेही त्यांचं लक्ष असे, आणि तो बिचारा त्यांच्या दारासमोर पाय बदलून उतरत असे. यात त्यांचा काही स्वार्थ नव्हता. लोकांचं चुकू नये, एवढंच. लोकांचं चुकतं, हे देवानं त्यांना जरा जास्तच स्पष्ट दाखवलं होतं.

सल्ला सोडायचं कारण होतं त्यांची सून, दामिनी.

ज्येष्ठ महिन्यात दामिनीच्या माहेरी, कोंढ्याला, चुलतबहिणीचं लग्न होतं. दामिनीला तिसरा महिना. वच्छलाबाई म्हणाल्या, जाऊ नको. दामिनी बसनं गेली, दोन घास जेवून, अक्षता टाकून परत आली. त्याच आठवड्यात भंडाऱ्याच्या दवाखान्यात सगळं संपलं. दामिनी खाटेवर पडली होती, डॉक्टर उशाशी होते, धनंजय भिंतीला टेकून उभा होता, आणि वच्छलाबाई पायथ्याशी उभ्या राहून म्हणाल्या, "मी म्हटलं नोतं का."

तेवढंच. त्यापुढे एक शब्दही नाही. आपण किती संयम ठेवला, असंच त्यांना त्या दिवशी वाटलं. दामिनीनं भिंतीकडे तोंड फिरवलं. पुढं थोड्याच दिवसांत धनंजयला, जो लग्नाआधीपासून नोकरीसाठी रोज भंडाऱ्याला ये-जा करत होता, ही ये-जा एकाएकी झेपेनाशी झाली. त्यानं तिथं खोली घेतली. भांडी नेताना सुनेनं मोजकीच नेली. मोठा कुकर राहू द्या म्हणाली, दोघांना लहान पुरतो.

त्या कुकरवर वच्छलाबाई रोज हात फिरवत. सून परत यावी, घर पहिल्यासारखं व्हावं, याशिवाय त्यांना यंदा देवाकडे दुसरं काही मागायचं नव्हतं. धनंजयला फोनवर विचारलं तर तो हळूच म्हणाला की आई, तुझं बोलणं नाही, तुझं सांगणं जड जाते तिले. तशात भजनी मंडळाच्या केशरबाई, ज्यांच्या शब्दाला देवळात वजन होतं, सगळ्यांसमोर म्हणाल्या, "वांगं सोडून देवाले काय भेटते, वच्छला? जे सोडताना जीव कासावीस होते, ते सोडून पाह्य."

झालं. वच्छलाबाईंनी देवघरासमोर तळहातावर पाणी घेतलं, वर तुळशीचं पान ठेवलं, आणि कार्तिकी एकादशीपर्यंत कोणाला सल्ला देणार नाही असा संकल्प सोडला. मागं पेपर वाचत बसलेल्या केवळरामजींनी, जे जिल्हा परिषदेत कारकून होते आणि अजूनही कुठलाही ठराव बारकाईनं तपासून घेत, विचारलं की मागितला तर? मागितला तरी नाही. डोळ्यानं, हातानं? तसाही नाही. केवळरामजींनी पेपर खाली ठेवला आणि देवाकडे पाहून हात जोडले. एरवी ते संध्याकाळीच जोडत.

व्रत गुप्त ठेवावं म्हणतात. पण गुप्त ठेवलेलं व्रत लोकांनी नकळत मोडायला लावलं तर दोष कोणाचा, हे पोथीत लिहिलेलं नाही. म्हणून वच्छलाबाईंनी शेजारच्या मालनबाईंना सांगून ठेवलं. मालनबाईंनी पीठगिरणीत सांगितलं. गिरणीवरून ते बाजारात गेलं, आणि बाजारात तर कोंढ्याकडची, साकोलीकडची, सगळीकडची माणसं येतात. एवढी बोलणारी बाई, असं एकाएकी काहून, म्हणून जो तो विचारायला येई. वच्छलाबाई खाली पाहून म्हणत, "काय करता जी, सुनेले जड जाते." आणि एक सुस्कारा टाकत. तो सुस्कारा त्यांना चांगला जमू लागला होता. आपलं व्रत इतक्या लोकांच्या मनात श्रद्धा उत्पन्न करून राहिलं, याचं त्यांना मनातून समाधान होतं. आपल्यासारख्या साध्या माणसांना देव एवढी तरी गोडी लावतो, नाहीतर व्रतं कोणी केली असती?

सल्ला सोडलेल्या बाईला पहिला त्रास झाला तो सल्ल्यांचा. आजवर गल्लीत ज्यांना तोंड उघडायला जागा नव्हती ती सगळी माणसं वच्छलाबाईंनी व्रत कसं पाळावं हे सांगायला ओट्यावर येऊन बसू लागली. कोणी म्हणालं तोंडात सुपारी धरा. कोणी म्हणालं डोळेच मिटून घ्या. मालनबाईंनी शंका काढली की दूध उतू चाललं म्हणणं हा सल्ला की काय? हा प्रश्न देवळात गेला. केशरबाईंनी निवाडा दिला की जे होऊन राहिलं ते सांगणं ही खबर. काय करावं ते सांगणं हा सल्ला. खबरीला दोष नाही.

वच्छलाबाईंना वाट सापडली. त्या दिवसभर खबरी देऊ लागल्या. मालनबाईंकडे पाहून म्हणायच्या, आभाळ भरून आलं. थोड्या वेळानं, दोरीवर लुगडं आहे. आणखी थोड्या वेळानं, मागच्या खेपेस असंच भिजलं होतं. पण श्रावणातल्या एका सोमवारी शंकराला बेल वाहताना त्यांच्या मनात आलं की आपण देवाला फसवून राहिलो. तो काही बोलत नाही म्हणून त्याला कळत नाही असं थोडंच आहे. त्यांनी कानाची पाळी धरली आणि खबरीही सोडल्या.

महालक्ष्म्यांच्या दिवशी त्यांची खरी परीक्षा झाली. मालनबाईंकडे गल्लीची पंगत. चुलीवर आंबील शिजत होती, मालनबाईंनी त्यात मीठ घातलं, दाराशी कोणाशी तरी बोलून आल्या आणि पुन्हा मुठीत मीठ घेतलं. वच्छलाबाई समोरच वाती वळत होत्या. त्यांच्या हातातली वात तुटली. मीठ पातेल्यात पडताना त्यांनी पाहिलं, आणि नामस्मरण सुरू केलं.

पंगत पाणी मागून मागून उठली. मालनबाईंनी त्यांना कोपऱ्यात गाठलं.

"पाहत होती ना तू?"

वच्छलाबाईंनी मान हलवली. खोटं बोलणं तर त्यांनी सोडलेलंच होतं, कायमचं.

"व्रत तुझं, अन् तोंड खारट साऱ्या गल्लीचं. हे कोणतं पुण्य होय व?"

हे वच्छलाबाईंना लागलं. त्यांना अधिक लागलं ते पुढंच. दुसऱ्या दिवशी तीच गल्ली त्या आंबिलीवरून हसत होती. कोणाचं पोट दुखलं नाही, कोणाचा संसार मोडला नाही. वच्छलाबाईंनी सावध न केलेलं संकट आलं, आणि लोक त्याला ताकासारखं पिऊन मोकळे झाले.

मग केवळरामजींचं रेशनकार्ड. केवायसी करा, नाहीतर नाव कटते, अशी गावभर बोंब होती. केवळरामजी दारात चपला घालून उभे राहिले आणि सवयीनं म्हणाले, सोबत काय काय घेऊ? वच्छलाबाईंच्या डोळ्यांसमोर पिशवी तयार होती: मूळ कार्ड, त्याची झेरॉक्स, आधार, आणि आधारला जोडलेल्या नंबराचा फोन, जो दिवाणावर चार्जिंगला लागलेला होता. त्यांनी पोथीत डोळे खुपसले. केवळरामजी नुसती झेरॉक्स घेऊन रेशनच्या दुकानात गेले. झेरॉक्स चालत नाही म्हणून परत आले. कार्ड घेऊन गेले, तर ओटीपी फोनवर येते आणि फोन दिवाणावर. फोन घेऊन गेले, तर अंगठा उमटेना. जन्मभर फायली चाळलेला अंगठा, यंत्राला तो माणसाचा वाटेना. तिथल्या मॅडमनं साकोलीला जा सांगितलं. साकोलीला सर्व्हर झोपला होता. दुसऱ्या दिवशी सर्व्हर उठला तर माणूस ट्रेनिंगला गेलेला.

तांदळाच्या पाण्यात अंगठा बुडवून, पुसून, मग ठेवायचा, हे वच्छलाबाईंना माहीत होतं. त्यांचा स्वतःचा तसाच उमटला होता. त्या भाताचं पाणी निथळत उभ्या राहिल्या आणि त्यांचे डोळे भरून आले.

शेवटी केवळरामजी एका संध्याकाळी काम करून आले. रांगेतल्या कोणीतरी अंगठा नाही तर डोळा दाखवा म्हटलं, डोळा लगेच जुळला. येताना त्यांनी एकट्यानं समोसा खाल्ला होता. शर्टाला चटणी लागली होती आणि ते काहीतरी गुणगुणत होते. इतक्या वर्षांच्या संसारात वच्छलाबाईंनी त्यांना गुणगुणताना ऐकलं नव्हतं. त्यांनी शर्ट धुतला. डाग निघाला. मनातलं निघालं नाही. आपण नसतो तर या माणसाचं कसं झालं असतं, असं त्या नेहमी म्हणत. आता कळलं की असं झालं असतं, गुणगुणत झालं असतं.

दिवाळी तोंडावर आली तेव्हा वच्छलाबाई पुष्कळ खचल्या होत्या. व्रत बिनचूक चाललं होतं, पण भंडाऱ्याहून धनंजयशिवाय कोणाचा फोन नव्हता. आणि एका दुपारी तो आला. दामिनीचा. तिच्या स्वतःच्या नंबरवरून.

"आई, अनारसे हसून राहिले. तेलात सोडले का पसरतेत. काय करू?"

मागून तेलाची चरचर ऐकू येत होती. वच्छलाबाईंनी फोन कानाशी घट्ट धरला. या प्रश्नासाठी त्यांनी देवाला रोज दिवा लावला होता. उत्तर ओठांवर होतं: पीठ सैल झालं असेल, सुकं पीठ थोडं मळून घे आणि झाकून ठेव. एवढंसं तर उत्तर. समोर देवघर होतं. मागितला तरी नाही, असं त्या स्वतःच्या तोंडानं म्हणाल्या होत्या. ज्या गोष्टीसाठी व्रत धरलं तीच दारात येऊन उभी, आणि व्रतच दार उघडू देईना, अशी वेळ देव कोणावर न आणो.

"मले सांगता येत नाही व दामिनी," त्या कशाबशा म्हणाल्या. "माझं व्रत आहे."

चरचर थांबली. तिकडं गॅस बंद केला असावा.

"माहीत आहे मले," दामिनी म्हणाली. "कोंढ्याले माझ्या आईलेबी माहीत आहे. ती कुठं हळदीकुंकवाले गेली तं बाया तिलेच विचारतेत, तुमच्या पोरीपायी विहीणबाईनं बोलणं सोडलं म्हणे." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "दवाखान्यात बोलल्या ते चार भिंतीत बोलल्या, आई. व्रत मात्र साऱ्या गावात केलं. तरी म्हटलं, एकडाव विचारून पाहू."

आणि फोन ठेवला.

वच्छलाबाई देवघरासमोर बसल्या. पोथी उघडली नाही. त्यांना आपला तो सुस्कारा आठवला, खाली पाहून टाकलेला. तोंडानं सल्ला सोडला होता. पण 'मी म्हटलं नोतं का' हे त्या सुस्काऱ्यातून त्यांनी गावातल्या ज्याला त्याला सांगितलं होतं. दवाखान्यातला तो क्षणही आठवला. त्या बोलल्या तेव्हा डॉक्टर काहीतरी सांगत होते. यांनीच मध्ये बोलून त्यांचं वाक्य तोडलं होतं. काय सांगत होते, तेही हळूहळू आठवलं.

केवळरामजी जवळ आले तेव्हा त्यांनी जन्मात पहिल्यांदा त्यांना विचारलं, "अजी, मी काय करू?"

हा प्रश्न त्यांना कोणी घरात कधी केलाच नव्हता. ते गांगरले. चष्मा काढला, पुसला, लावला. मन लावून विचार केला आणि म्हणाले, "मले काय मालूम." वच्छलाबाईंना वाटलं, इतकं खरं उत्तर आपण आजवर कोणाला दिलेलं नाही.

त्या दिवसापासून गल्लीत कोणी व्रताचं काढलं की त्या उठून आत जात. सुस्कारा तर नाहीच. लोकांना वाटलं व्रताची गोडी गेली. गोडीच गेली होती. आता ते नुसतं व्रत उरलं होतं.

कार्तिकी एकादशी जवळ आली तशा केशरबाई उद्यापनाचं विचारायला आल्या. हा भाग वच्छलाबाईंच्या ध्यानातच नव्हता. चातुर्मासात जे सोडलं ते शेवटी दान करून मगच आपण घ्यायचं असतं. वांग्याच्या वर्षी त्यांनी वांगी दिली होती, खाटेच्या वर्षी अंथरूण.

"मंग आता?" वच्छलाबाईंनी विचारलं.

"मंग आता सल्ला दान कर. एक दिला तरी चालते, पण घेणाऱ्यानं पदर पसरून घेतला पाहिजे. नाहीतर व्रत पदरी पडत नाही."

आली का पंचाईत. वांगी घ्यायला दारात रांग लागली होती. सल्ला घ्यायला कोणी तयार होईना. मालनबाई म्हणाल्या, आमच्या घरी ठेवाले जागा नाही, आधीचेच पडून आहेत. भजनी मंडळातल्या एकीनं गाईच्या कानात सांगावा असं सुचवलं, पण गाय दुसरीची होती आणि तिची मालकीण नको म्हणाली. केवळरामजी तयार होते, घेतो आणि विसरून जातो म्हणाले. पण नवऱ्याला दिलेलं दान दानात धरत नाहीत. शेवटी केशरबाईंनी निवाडा दिला, आणि तो देताना त्या वच्छलाबाईंकडे जरा वेळ पाहत राहिल्या. "तुह्या व्रतापायी ज्याचं अडलं, त्याले दे."

द्वादशीला सकाळच्या एसटीनं वच्छलाबाई एकट्याच भंडाऱ्याला निघाल्या. पिशवीत नारळ, खण आणि मूठभर तांदूळ. वाटेत धान कापणीला आलेलं होतं, पण त्यांचं लक्ष बाहेर नव्हतं. एकच द्यायचा म्हटल्यावर चांगला द्यावा म्हणून त्या मनात निवडत होत्या. अनारशाचा द्यावा, तर दिवाळी होऊन गेली. तब्येतीचा द्यावा, तर तो अधिकार आपण हरवला. घरी परत ये, हा सल्ला की मागणी? मागणी दानात देता येत नाही, ते तर उलटंच झालं. साकोली गेली, लाखनी गेली, आणि भंडाऱ्याच्या स्टँडवर उतरल्या तेव्हा त्यांच्याजवळ एकही सल्ला शिल्लक नव्हता. असं आयुष्यात कधी झालं नव्हतं.

दार दामिनीनंच उघडलं. सुट्टीचा दिवस, धनंजय बाजारात गेलेला. तिनं वाकून नमस्कार केला, पाणी दिलं. वच्छलाबाई खोलीत बसल्या. उंबऱ्याला ओलं पोतेरं पडलेलं, तांदळाचा डबा उघडा, पंख्याखाली ओले कपडे, दिवा दक्षिणेकडे तोंड करून. त्यांनी डोळे मिटले आणि त्या पाणी प्यायल्या.

मग सगळं सांगितलं. उद्यापनाचं, पदर पसरण्याचं, गाईचंही. गाईपाशी दामिनीच्या ओठाचा कोपरा किंचित हलला, आणि परत जागेवर गेला.

"घेशील का?" वच्छलाबाईंनी विचारलं. "नाही म्हटलं तरी चालते. मी रागावणार नाही."

दामिनीनं त्यांच्याकडे पाहिलं.

"एकच ना?"

"एकच."

तिनं हात पुसले, समोर मांडी घालून बसली, आणि ओढणी मांडीवर पसरली.

वच्छलाबाईंनी त्यात तांदूळ टाकले, खण ठेवला, नारळ ठेवला. पुढचं काही येईना. खिडकीबाहेर भाजीवाला ओरडत गेला, त्याचा आवाज लांब जाऊन विरला, तरी त्या बसून होत्या. दामिनीनं ओढणी आवरली नाही.

"कोंढ्याले गेल्यानं काही झालं नोतं," त्या शेवटी म्हणाल्या. "डॉक्टर तेच सांगून राहिले होते, असं कधी कधी होते, कोणी काही केल्यानं होत नाही. मी मधात बोलली, म्हणून तुले ऐकू नाही आलं. तू सोताले दोष लावू नको, बाई."

दामिनी खाली पाहत होती. खणावर एक थेंब पडला, मग बाजूला दुसरा. वच्छलाबाईंना वाटलं ती आता उठेल, किंवा काही बोलेल, घराचं, परत येण्याचं. ती तसलं काही बोलली नाही. ओढणीची टोकं दोन्ही हातांत घट्ट धरून, वर न पाहता म्हणाली,

"पुन्हा एकडाव सांगा."

जन्मभर एकेक गोष्ट दहा दहा वेळा सांगितलेल्या वच्छलाबाईंना पुन्हा सांगा असं कोणी म्हटलं नव्हतं. त्यांचा आवाज फुटला. तरी त्यांनी सांगितलं, पहिल्यापेक्षा हळू, एक शब्द न वाढवता.

आणि सवयीनं तिसऱ्यांदा सांगायला त्यांचं तोंड उघडलं. दामिनी ओढणी सावरून, तांदूळ सांडू न देता, रडत होती. वच्छलाबाईंनी तोंड मिटलं आणि तिच्याजवळ सरकून बसल्या.